मानधन वाढले; मुदतीचे काय?

उमरगा - विद्यापीठात संशोधन सहायकाची किंवा पीएच.डी.नंतरच्या संशोधकाची जागा निघाली, की उमरग्यासारख्या तालुक्याच्या गावातही पात्रताधारकांच्या आशा पालवतात. आकडेही आकर्षक आहेत. केंद्राने १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकांची अधिछात्रवृत्ती दरमहा ३१ हजारांवरून ३७ हजार रुपये केली, पीएच.डी.धारक संशोधन सहयोगींसाठी ५८ ते ६७ हजार रुपये ठरले. मात्र, यातील बहुतेक जागा प्रकल्पाशी बांधलेल्या असतात. निधी संपला, की नेमणूकही संपते आणि कायम नोकरीवर कोणताही हक्क राहत नाही.

दुसरा प्रश्न अंतराचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा मुख्य परिसर येथून सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. २००४ मध्ये जिल्ह्याच्या ठिकाणी उपकेंद्र आले. पण संशोधनाचा मुख्य भार आजही मुख्य परिसरावरच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने हा भाग हादरला. अवर्षण तर नित्याचेच. अभ्यासाचे विषय इथे आणि संशोधक दूर, हे गणित उलटे आहे. प्रकल्प मंजूर होतानाच काही पदे उपकेंद्राला दिली, तर ते सुटू शकेल. तोवर उमेदवारांनी जाहिरातीत मानधनाआधी मुदत वाचावी, हेच शहाणपणाचे.