झाकला लॅपटॉप सव्वा लाखाचा

पूर्वी आमच्याकडे येणारा पाहुणा पाणी पिऊन झालं की "काय म्हणतेय बँक?" असं विचारायचा. हल्ली तो माझ्या टेबलाकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "अहो, मिटूनच ठेवायचा होता, तर लॅपटॉप घेतलात कशाला?"

टेबलावरचा देखावा असा आहे. भिंतीला लागून चोवीस इंची मॉनिटर, त्याच्यापुढे सुटा कीबोर्ड आणि माऊस, आणि बाजूला घडी करून ठेवलेल्या धोतरासारखा निमूट पडलेला लॅपटॉप. त्यातून एक वायर निघून मॉनिटरच्या पाठीत शिरते. लॅपटॉप आत चालू आहे. फक्त त्याचा स्वतःचा पडदा बंद आहे. एवढाच माझा गुन्हा!

पण या गुन्ह्याबद्दल मला जेवढं ऐकून घ्यावं लागलं, तेवढं अपहार करणाऱ्या कॅशियरलाही लागत नसेल. आमचे मेहुणे म्हणाले, "म्हणजे स्कूटर घ्यायची आणि हाताने ढकलत न्यायची!" भाचा इंजिनिअर. तो म्हणाला, "मामा, दोन्ही स्क्रीन चालू ठेवा ना. प्रॉडक्टिव्हिटी वाढते." आणि आमची ही म्हणाली, "अहो, पैसे दिलेत ना त्या पडद्याचे? मग निदान त्याच्यावर घड्याळ तरी लावून ठेवा." वापरात नसलेली वस्तू दिसली की मध्यमवर्गीय माणसाचा जीव तुटतो. आमच्या घरात श्रीखंडाचे रिकामे डबेसुद्धा सेवानिवृत्त होत नाहीत.

तर आज मी माझी बाजू मांडतो. वाचकहो, न्याय तुम्हीच करा.

हा लॅपटॉप २०२० साली चिरंजीवांच्या ऑनलाइन कॉलेजसाठी आला. पुढे त्यांना नवा हवा झाला आणि जुना माझ्याकडे आला. इतर घराण्यांत इस्टेट बापाकडून मुलाकडे जाते. कॉम्प्युटरच्या बाबतीत वारसाहक्क उलटा चालतो. मी बी.कॉम., त्यात बँकेत, म्हणजे सोसायटीचा खजिनदार होणं माझ्या कपाळी लिहिलेलंच होतं. रोज रात्री जेवण झाल्यावर मी सोसायटीचे हिशेब घेऊन बसू लागलो.

पडदा साडेपंधरा इंचांच्या वर, असं बिलावर लिहिलं होतं. हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं घेतात. कापडवाल्याने सदऱ्याचं कापड असं तिरकं मोजून दिलं, तर आपण दुकान डोक्यावर घेऊ! सरळ पट्टी लावली तेव्हा उंची पावणेआठ इंचही भरली नाही. एवढ्याशा खिडकीत हिशेबाचा तक्ता उघडला, की जमा दिसायची तेव्हा नावे दिसायचं नाही. असा आनंद माणसाला एरवी फक्त पगाराच्या दिवशी मिळतो. अक्षरं मोठी करावीत, तर 'एकूण' हा रकाना शेजारच्यांच्या फ्लॅटमध्ये जायचा.

पण लहानपणाबद्दल माझी तक्रार नाही. लहान वस्तूंतच आयुष्य गेलंय. माझी खरी तक्रार वेगळी आहे. या यंत्राचा पडदा आणि कीबोर्ड जन्माचे जोडलेले आहेत. हातांना सोयीचं ठेवलं, की पडदा छातीशी येतो आणि मान वाकते. पडदा डोळ्यांसमोर यावा म्हणून खाली जाड डिक्शनऱ्या सरकवल्या, की कीबोर्ड हनुवटीला लागतो. हेड ऑफिसला खूश ठेवावं तर ग्राहक ओरडतो आणि ग्राहकाला खूश ठेवावं तर मेमो येतो, अशातला हा प्रकार.

हे पुस्तकासारखं मिटणारं रूप फार जुनं आहे. 'ग्रिड कंपास' नावाचा, बिल मॉगरिज यांनी घडवलेला संगणक १९८२ साली बाजारात आला, तो असाच मिटायचा. पुढे नासाच्या अंतराळयानातूनही त्याने प्रवास केला. तिथे ठीकच आहे. जिथे वजनच लागत नाही, तिथे मान कुणाची दुखणार? पण मी डोंबिवलीत राहतो. इथे माणसाचं डोकं पाच किलोच्या आसपास भरतं आणि ते जितकं पुढे झुकेल, तितका मानेवर भार वाढतो.

सहा महिन्यांत माझ्या मानेने संप पुकारला. डॉक्टरांनी गळ्यात पट्टा बांधला. तो बांधून शाखेत गेलो आणि गंमत पाहा, वीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच मॅनेजरसाहेबांसमोर माझी मान ताठ राहिली! साहेब जरा दबूनच बोलले. पट्टा सुटला, पण त्या ताठपणाची चटक लागली. त्याच महिन्यात मी मॉनिटर आणला.

तो मी हातभर अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईल असा ठेवला. जागा सव्वादोन पटींहून जास्त झाली. जमा आणि नावे प्रथमच शेजारी शेजारी बसले. भाच्याच्या आग्रहाखातर काही दिवस दोन्ही पडदेही चालू ठेवून पाहिले. एका पडद्यावर हिशेब मांडावा, तर दुसऱ्यावर कुणाचा तरी निरोप टपकायचा आणि तो वाचायला मान पुन्हा खाली! माऊसचा बाण तर काउंटर सोडून चहाला गेलेल्या शिपायासारखा भलत्याच खिडकीत सापडायचा. शेवटी सेटिंगमध्ये शिरलो. झाकण मिटल्यावर काय करायचं, असं यंत्र तिथे नम्रपणे विचारतं. पर्यायांत एक होता : 'डू नथिंग'. काहीही करू नका! आमच्या शाखेत हा पर्याय कितीतरी वर्षं कसल्याही सेटिंगशिवाय चालू आहे. मी तो निवडला, झाकण मिटलं, आणि मोठा पडदा तसाच उजळत राहिला.

"मग सरळ डेस्कटॉपच घ्यायचा होता," असं मेहुणे अजून म्हणतात. त्यांचं उत्तर वीज मंडळींनीच परस्पर दिलं. मार्चअखेरीस ताळेबंद जुळत आला होता आणि लाइट गेले. मॉनिटर गुडुप्प. पण मिटलेला लॅपटॉप आतल्या बॅटरीवर जागा होता. झाकण उघडलं, तर आकडे जसेच्या तसे! डेस्कटॉपने त्या रात्री तीन तासांचं काम गिळलं असतं.

दोष कबूल करतो. झाकण मिटल्याने काही यंत्रं तापतात, म्हणून मी ते जाळीच्या स्टँडवर ठेवतो. बॅटरी सदा शंभर टक्के भरलेली ठेवली की लवकर म्हातारी होते, म्हणून ऐंशी टक्क्यांची मर्यादा घातली आहे. एवढी पथ्यं तर मी स्वतःचीही पाळत नाही.

आता राहिला फुकट गेलेला पडदा. जाऊ दे! पडदा वाया जातो म्हणून मान वाया घालवायची, हा हिशेब कुठल्या कॉमर्स कॉलेजात शिकवतात? दिवसभर काउंटरवर ती ग्राहकापुढे, साहेबापुढे आणि ऑडिटरपुढे खाली घालायचीच असते. रात्री घरी, स्वतःच्या पैशाने आणलेल्या वस्तूपुढे तरी ती मी ताठ ठेवणार!