घरांतील छंद : कॅमेऱ्याची तिवई

आमच्या परसांत मातोश्रींनीं लावलेलें एक कागदी लिंबाचें झाड आहे. त्याच्या कोवळ्या पानांवर पिवळ्या-काळ्या रंगाचीं फुलपाखरें अंडीं घालून जातात. अंडें फार तर दीड मिलिमीटरचें, फिकट पिवळें, मोहरीच्या दाण्यासारखें वाटोळें. पूर्वीं मातोश्री तें जातां-येतां दाखवीत, परंतु गेल्या तीन वर्षांत त्यांची दृष्टि मंदावली, आणि “लिंबावर अंडीं आलीं का रे?” हा त्यांचा श्रावणांतील प्रश्न तेवढा उरला. तेव्हां आम्हीं असें योजिलें कीं, मॅक्रो भिंगानें त्या अंड्याचें चित्र घ्यावें व दिवाणखान्यांतील दूरचित्रवाणीच्या मोठ्या पडद्यावर त्यांना दाखवावें. भिंग घेतलें. त्यापायीं हात आखडला, म्हणून ट्रायपॉड, म्हणजे कॅमेऱ्याची तिवई, मात्र हलकी, स्वस्त आणि पिशवींत मावणारी आणली. चित्रें चाळिसांवर घेतलीं. पडद्याजवळ खुर्ची ओढून मातोश्रींनीं तीं पाहिलीं आणि विचारिलें, “हें धुकें चित्रांत आहे, कीं माझ्याच डोळ्यांत?”

धुकें चित्रांत होतें, आणि तें त्या तिवईनें आणलें होतें. या छंदाकडे वळणाऱ्या वाचकांचे पैसे व श्रम वांचावे म्हणून हा प्रपंच.

मॅक्रो छायाचित्रणांत वस्तूची प्रतिमा कॅमेऱ्याच्या संवेदकावर तिच्या मूळ आकाराइतकी मोठी उमटते. पूर्ण आकाराचा संवेदक ३६ मि. मी. रुंद असतो, २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांत त्या रुंदींत सुमारें ६००० चित्रबिंदु बसतात, म्हणजे एका बिंदूच्या वांट्याला ०.००६ मि. मी. आले. कॅमेरा केसाच्या जाडीइतका जरी सरकला, तरी दहा-बारा बिंदु एकमेकांत मिसळलेच. बरें, भिंगाचें छिद्र एफ/८ वर ठेविलें असतां स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली जेमतेम १ मि. मी.! ती वाढवावी म्हणून छिद्र लहान करावें, तर उजेड कमी पडतो. शिवाय मूळ आकाराइतकी प्रतिमा घेतांना संवेदकापर्यंत पोहोंचणारा उजेड अगोदरच सुमारें चतुर्थांशावर आलेला असतो. तात्पर्य, जेथें हालचाल मुळींच खपत नाहीं, तेथेंच कॅमेऱ्याचा पडदा अधिक वेळ उघडा ठेवावा लागतो.

तिवई घेतांना बहुतेक लोक प्रथम तिची उंची विचारतात. आमच्या मतें हा प्रश्न शेवटीं विचारावा. आपलीं फुलें, किडे, अंडीं हीं बहुधा कमरेच्या खालींच असतात. म्हणून ती किती वर जाते यापेक्षां किती खालीं बसते हें पाहावें. तिचा प्रत्येक पाय स्वतंत्रपणें, हव्या त्या कोनांत पसरतां आला पाहिजे. मधला दांडा असल्यास तो काढतां यावा किंवा आडवा करतां यावा, कारण तो तसाच खालीं लोंबत राहिला तर तिवईला जमिनीपर्यंत उतरूंच देत नाहीं. आणि वर चढविला, तर तीन पायांच्या डोक्यावर एका पायाची काठी उभी केल्यासारखें होतें. आमच्या पहिल्या तिवईचा दांडा आम्हीं वीतभर वर काढला होता. बेन्बो नांवाची एक इंग्रज तिवई आहे. तिचे पाय व दांडा एकाच वांकड्या बोल्टावर फिरतात, आणि बांधावर, ओढ्यांत, कोठेंही ती बसते. मात्र तो बोल्ट सैल करतांच सगळी एकदम ढासळते व नवशिक्याची त्रेधा उडते.

पाय जाड असावे. नळीच्या भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास २२ मि. मी. ऐवजीं २८ केला, तर ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. पायाचे टप्पे तीनच असलेले बरे. चार-पांच टप्प्यांची तिवई लहान घडींत बसते खरी, पण तिचा शेवटचा टप्पा करंगळीएवढा बारीक होतो.

पायांइतकेंच महत्त्व डोक्याला. उखळींतील गोळ्याप्रमाणें फिरणारें बॉल-हेड सुटसुटीत असतें. पण हलक्या जातीचें असल्यास चौकट नेमकी जुळवून कळ आवळावी आणि हात काढतांच भिंगाच्या भारानें तें किंचित् खालीं झुकावें, हा प्रकार ठरलेला. दातेरी चाकांचें गिअर-हेड जड व महाग, परंतु एकेका दिशेनें तिळातिळानें सरकवितां येतें. अशा बारीक कामाला आम्हीं तेंच निवडूं.

तिवईवर किती किलो भार चालेल याचा आंकडा छापलेला असतो. सर्व कारखानदार तो एकाच कसोटीनें ठरवीत नाहींत. सबब त्यावर विसंबूं नये. स्वतःचा कॅमेरा व भिंग दुकानांत न्यावें, तिवईवर चढवावें, मागच्या पडद्यावर चित्र दहापट मोठें करावें आणि भिंगाला बोटानें हलकेंच टिचकी मारावी. चित्र क्षणांत स्थिरावलें तर ठीक. थरथरतच राहिलें तर दुकानदारास नमस्कार करून बाहेर पडावें. तसेंच माथा दोन्ही हातांनीं धरून पिळून पाहावा.

ॲल्युमिनियम स्वस्त पण उन्हांत तापतें, कार्बन फायबर हलकें पण महाग. आणि लांकडी तिवई जड असली तरी कंप फार चांगला जिरविते. परसापुरतें काम असेल त्यानें वजनाला भिऊं नये.

तरीही वाऱ्यानें डुलणाऱ्या पानापुढें उत्तम तिवईचाही इलाज चालत नाहीं. आम्हीं जमिनींत बांबूची काडी रोवून डहाळी कपड्यांच्या चिमट्यानें तिला धरविली, आणि कळ बोटानें न दाबतां दोन सेकंदांच्या टायमरवर सोडली. उडत्या-पळत्या किड्यांसाठीं मात्र तिवईचा हट्ट सोडून फ्लॅश वापरावा. अंडें कोठें पळत नाहीं.

औंदाच्या श्रावणांत लांकडी तिवई झाडाखालीं मांडली. तिसऱ्या दिवशीं अंडें काळसर झालें, चौथ्या दिवशीं सकाळीं अळी बाहेर आली व स्वतःचें टरफल खाऊं लागली. तें चित्र पडद्यावर लावलें. मातोश्री बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग त्यांनीं अळीच्या पाठीवरचे केस बोटानें दाखविले, फांदी कोणती तें विचारून घेतलें, आणि स्वयंपाकघराकडे वळून सुनेला बजावलें, “विहिरीकडच्या फांदीवर औषध मारूं नका हो, आणि लिंबें तोडायचीं तर दुसऱ्या बाजूचीं तोडा.”