परसबाग : केना उपटून फेकू नका, पण लावा जपून

पहिला जोराचा पाऊस होऊन आठ-दहा दिवस झाले, की आमच्या वरणगावच्या अंगणात एक पाहुणा न बोलावता हजर होतो. मोरीच्या पाण्यापाशी, कुंपणाच्या बुडाशी, तुळशीवृंदावनाच्या मागे. आधी दोन गोलसर पानं, मग जमिनीवर पसरणारे रसरशीत हिरवे फाटे, आणि श्रावणाच्या सुमारास नखाएवढी निळी फुलं. हा केना. तुमच्याकडेही असणारच. फक्त त्याचं नाव तुम्हाला ठाऊक नसेल, किंवा ठाऊक असून तुम्ही तो दर आठवड्याला उपटून रस्त्यावर टाकत असाल.

मीही टाकत होते. लग्न होऊन इथे आले ती नाशिकहून. आमच्याकडे भाजी म्हणजे भाजीवालीकडून घ्यायची ती. पहिल्याच पावसाळ्यात, पाहुणे यायचे म्हणून मी सगळं अंगण खुरप्याने साफ केलं आणि ढीग दाराबाहेर लोटला. सासूबाई पाटावरून उठून बाहेर आल्या, ढिगाकडे बघत म्हणाल्या, "अवं, केना फेकतं कायले? भाजी व्हते नं त्याची!" आणि खाली बसून त्या ढिगातले कोवळे शेंडे निवडायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी पाहुण्यांच्या पानात त्याच ढिगाची भजी होती, आणि पाहुण्यांनी दोनदा मागून घेतली!

आधी ओळख पक्की करून घेऊ या, कारण रानभाजीत चूक चालत नाही. केन्याचं पान अंडाकृती, कडेला किंचित लाटा असलेलं, शिरा देठाकडून टोकाकडे समांतर धावणाऱ्या. पानाचा खालचा भाग नळीसारखा खोडाला गुंडाळलेला असतो आणि त्या नळीच्या तोंडाशी तांबूस केस असतात. हे केस नीट बघा, खूण चांगली आहे. फूल एका दुमडलेल्या हिरव्या खोळीतून डोकावतं. खोळ दाबली तर आतून बुळबुळीत पाणी येतं. पाकळ्या तीन, त्यांतली एक लहान. फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटून जातं, म्हणून ओळख करायची तर सकाळीच करा. पहिल्या वेळी एखाद्या जाणत्या बाईला दाखवल्याशिवाय चुलीवर चढवू नका. मोबाइलवरच्या फोटोवर तर मुळीच भिस्त ठेवू नका, कारण फोटोत सगळंच हिरवं सारखं दिसतं.

हे कुळ मोठं आहे बरं का. साताऱ्याजवळच्या कास पठारावर लोक गाड्या करून जी आभाळी आणि नभाळी बघायला जातात, ती याच्याच नात्यातली. जपानात याच्या एका चुलतबहिणीच्या पाकळ्यांचा निळा रस कागदात मुरवून ठेवतात आणि त्या रंगाने रेशमी कापडावर नक्षीच्या रेघा आखतात. पाण्याने धुतला की रंग निघून जातो, म्हणून तो आखणीला सोयीचा. आपल्या मुलांना पावसाळी रविवारी घरात कोंडल्यासारखं होतं तेव्हा चार फुलं कागदावर चोळायला द्या. अर्धा तास तरी घर शांत राहतं!

आता लावण्याचं. केना लावायला कौशल्य लागत नाही, आवरायला लागतं. चार बोटं लांबीचा, दोन-तीन पेरं असलेला तुकडा ओल्या मातीत खोचला की पेरापेराला मुळं फुटतात. फुटकी बादली, जुना टब, काहीही चालतं. फक्त तळाला भोक हवं. आमच्याकडे काळी माती, ती पाण्याने चिकट होते, म्हणून तिच्यात थोडी वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा. अर्धी सावली असली तर पानं कोवळी राहतात. शेंडे खुडत राहिलं तर बाजूने नवे फुटतात. फूल आलं की पान जरा राठ होतं, तेव्हा भाजीसाठी फुलायच्या आधीच खुडा. उन्हाळ्यात आमच्या भुसावळ-वरणगावकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा बहुतेक केना जळून जातो. पण पाण्याच्या टाकीखाली, जिथे थेंब थेंब गळत असतं, तिथे एखादा फाटा तग धरून असतो.

आवरायचं कसं ते नीट वाचा. या झाडाची एक गंमत मला फार उशिरा कळली. जमिनीवर निळी फुलं येतात ती आपण बघतो. पण केना जमिनीखालीही फुलतो. मातीतल्या पांढऱ्या फाट्यांवर न उमलणारी फुलं येतात आणि तिथल्या तिथे त्यांचं बी तयार होतं. वरचं सगळं उपटलं तरी खाली पेरणी झालेलीच असते. म्हणून तर "इतका उपटला, तरी आला!" असं आपण दर पावसाळ्यात म्हणतो. तेव्हा केना कुंडीतच लावा, आणि त्या कुंडीची जुनी माती वाफ्यात किंवा शेतात ओतू नका. उपटलेले फाटे ओल्या जमिनीवर पडू दिले तर पुन्हा रुजतात. ते फरशीवर उन्हात कडक वाळवा, नाहीतर शेळीला घाला. शेळ्या आवडीने खातात.

एवढं सांगून झाल्यावर माझी चूकही सांगते, म्हणजे तुमच्या हातून ती व्हायची नाही.

हतनूरच्या बाजूला आमच्या दिरांची केळी आहे. घरची कुंडी छान फोफावली, तेव्हा मला वाटलं, मळ्यात पाणी भरपूर, तिथे पाटाच्या कडेने लावला तर येता-जाता खुडता येईल. चार-सहा तुकडे खोचून आले. महिन्याभराने भाऊजी घरी आले. चहा घेतला नाही, बसलेही नाहीत. "वहिनी, पाटावर केना तुम्ही लावला?" मी हसत हो म्हटलं. ते हसले नाहीत.

आमच्या भागात केळीवर जो रोग येतो त्याला शेतकरी हरण्या म्हणतात. शास्त्रीय भाषेत कुकुंबर मोझॅक, म्हणजे काकडीवर्गाच्या नावाने ओळखला जाणारा विषाणू. पानांवर पिवळसर पट्टे उठतात, पोंगा सडतो, झाड खुजं राहतं. झाडाला एकदा लागला की त्यावर औषध नाही. झाड मुळासकट काढून नष्ट करायचं, एवढंच हातात. हा विषाणू काकडी, भोपळा, टोमॅटो यांच्यात राहतो, तसा केन्यासारख्या तणातही राहतो, आणि मावा किडा तो तिथून उचलून केळीवर नेऊन सोडतो. म्हणूनच केळीची बाग आणि तिचे बांध तणमुक्त ठेवा, असं कृषितज्ज्ञ परत परत सांगतात. आणि मी शिकलेली बाई, मुद्दाम जाऊन त्याच बांधावर तण लावून आले होते!

त्या वर्षी बागेत हरण्याची झाडं निघाली. रोग माझ्या केन्यातून आला, की रोपांतूनच आला, की शेजारच्या काकडीतून, हे कोणालाच सांगता आलं नाही. भाऊजींनी पुन्हा तो विषय काढला नाही. पण उपटलेली झाडं बांधाला रचलेली होती, ती मी पाहिली. केळीवर त्या घरची वर्षाची पोटं आणि कर्जाचे हप्ते असतात. तेव्हा मैत्रिणींनो, घर केळीच्या किंवा काकडी-टोमॅटोच्या मळ्याला लागून असेल तर केना लावूच नका. परसात मोरीपाशी एखादी केळ असेल तरी दोघांतलं एकच ठेवा. आणि कुंडीतल्या केन्याच्या पानांवर पिवळे ठिपके-पट्टे दिसले तर जीव अडकवून न घेता उपटून टाका.

दुसरी सावधगिरी विषाची. आमच्याकडे धुणंभांडं करणाऱ्या मावशी पूर्वी कपाशीच्या निंदणीला जायच्या. परत येताना ओटीत केना-कुर्डू असायचंच. त्यांच्या घरी रात्रीच्या भाकरीबरोबर तेच आणि माझ्या दारात एक मूठ. गेल्या काही पावसाळ्यांत त्या रिकाम्या हाताने येतात. "शेतातला नका खाऊ ताई, तणाचं औषध मारेल आहे," म्हणतात. निंदणीचे दिवस कमी झाले, म्हणजे मजुरी गेली, आणि ओटीतली भाजीही गेली. गंमत अशी, की नेहमीच्या ग्लायफोसेटला केना सहजासहजी दाद देत नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या कपाशीत याने शेतकऱ्यांना असंच जेरीला आणलं. तिथे तर १९८३ पासून तो सरकारी यादीतला उपद्रवी तण आहे. म्हणजे फवारलेल्या शेतातही केना हिरवागार उभा दिसू शकतो. हिरवा दिसतो म्हणून खुडू नका. कपाशीच्या, केळीच्या बांधावरचा, रस्त्याकडेचा, गटारीजवळचा घेऊ नका. आपल्या कुंडीतला केना म्हणून तर महत्त्वाचा.

आता स्वयंपाकघरात चला. केना कच्चा खायचा नाही. पानं तीन-चार पाण्यांतून धुवा; पावसात माती पानांच्या बगलेत बसते. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी कोणतीही रानातली पालेभाजी डॉक्टरांना विचारूनच खावी.

भज्यांसाठी मोठी पानं अख्खी ठेवा. एक वाटी बेसन, दोन चमचे तांदळाचं पीठ, ओवा तळहातावर चुरडून, हळद, तिखट, मीठ आणि चमचाभर कडकडीत तेल. पीठ भज्यांपेक्षा किंचित सैल भिजवा, पान दोन्ही बाजूंनी बुडवून मध्यम आचेवर तळा. पान कोरडं पुसून घेतलंत तरच पीठ धरतं. माझी पहिली भजी नुसती पिठाची झाली होती आणि पानं कढईत वेगळी तरंगत होती!

भाजीसाठी कोवळे शेंडे नि पानं बारीक चिरून चार वाट्या घ्या. अर्धी वाटी मुगाची डाळ तासभर भिजवा. तेलात जिरं, ठेचलेला लसूण आणि तीन-चार हिरव्या मिरच्या परतून डाळ घाला, झाकणावर पाणी ठेवून अर्धवट शिजू द्या, मग भाजी घाला. केना चिरला की थोडा बुळबुळीत लागतो, म्हणून भाजी घातल्यावर झाकण ठेवू नका, उघड्यावर परता, बुळबुळीतपणा जातो. मीठ शेवटी, कारण भाजी फार बसते आणि अंदाज चुकतो. उतरवताना दोन चमचे दाण्याचं कूट. चातुर्मास पाळत असाल तर लसणाऐवजी हिंग. कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा बरोबर असला, तर आमच्या घरी कोणी वरणभाताची वाट बघत नाही.

एका मैत्रिणीने विचारलं आहे, की गच्चीत टांगलेल्या कुंडीतली जांभळी-रुपेरी पट्ट्यांची वेल केन्यासारखीच दिसते, तिची भाजी करता येईल का? दिसणं बरोबर आहे, ती याच्याच कुळातली, मूळची अमेरिका खंडातली. पण तिची भाजी करू नका. तिच्या रसाने पुष्कळांच्या हाताला खाज सुटते, आणि कुत्र्या-मांजरांच्या कातडीलाही त्रास होतो. ती छाटताना हातमोजे घाला किंवा हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवा. कोणाच्या घरी दोन्ही असतील तर कुंड्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, म्हणजे घाईच्या वेळी सुनेने किंवा मुलीने भलतीच कुंडी खुडायला नको.