काऊ म्हणजे गाय की कावळा?

मैत्रिणींनो, परवा आमच्याकडे एक गंमत झाली, पण शेवट काही गमतीचा झाला नाही. सासूबाई गावाहून आल्या आहेत. नातवाला मांडीवर घेऊन चित्रांचं पुस्तक दाखवत होत्या. गाईवर बोट ठेवून तो म्हणाला, "काऊ!" सासूबाई हसल्या. "अरे, काऊ तो बघ खिडकीत बसलाय. ही गाय." त्यावर माझी थोरली लेक फणकारली, "आजी, त्याला चुकीचं शिकवू नकोस!" झालं! दोन दिवस सासूबाईंनी पुस्तकाला हात लावला नाही.

मला काही राहवेना. भाजी निवडता निवडता लेकीला म्हटलं, "अगं, गाय आणि काऊ तर एका घरातल्याच!"

संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेच्या लेकी असाव्यात, असं विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याला सांगितलं. ती आईभाषा साधारण पाच-सहा हजार वर्षांपूर्वीची. तिचं लिहिलेलं अक्षरही उरलेलं नाही. लेकींच्या तोंडावळ्यावरून आईचा चेहरा ताडावा, तसे तिचे शब्द अभ्यासकांनी ताडले आहेत. गाईचा शब्द 'ग्वोउस्'सारखा होता म्हणतात. तो कुणी ऐकलेला नाही, म्हणून छापताना त्याच्याआधी एक चांदणी काढतात.

त्या 'ग्व'मधला 'ग' संस्कृतात राहिला, म्हणून 'गौ'. ग्रीकमध्ये त्याचा 'ब' झाला: 'बूस'. लॅटिनमध्ये शब्द आहे 'बोस'. इंग्रजीच्या घराण्यात 'ग'चा 'क' झाला, म्हणून 'काऊ'. हा योगायोग नव्हे बरं का! आपलं 'युग', म्हणजे बैलांच्या मानेवरचं जू, त्याचं तिकडे 'योक' झालं. तसाच 'द'चा 'ट': 'द्वि'ला 'टू', 'दश'ला 'टेन'. खिडकीतल्या काऊचं मात्र यांच्याशी काही नातं नाही. त्याचं नाव त्याच्या काव-काववरून पडलंय.

आणखी ऐका. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी पतंजलींनी महाभाष्यात लिहिलं, की शुद्ध शब्द 'गौः', आणि 'गावी', 'गोणी' हे त्याचे अपभ्रंश. त्या 'गावी'चीच आपली 'गाय' झाली! चुकीचा ठरलेला शब्दच घराघरांत नांदला की नाही?

लेक गप्प बसली. मग उठून पुस्तक घेऊन आजीजवळ गेली आणि म्हणाली, "आजी, गोठ्याला गोठा का म्हणतात गं?" "गाई उभ्या राहतात तो गोठा," सासूबाई म्हणाल्या. अगदी बरोबर! मूळ शब्द 'गोष्ठ', त्याचा अर्थ हाच. शाळेत न जाता त्यांना ठाऊक होतं.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलांना इंग्रजी शब्द जरूर शिकवा. पण घरच्या शब्दाला चुकीचं म्हणू नका. शब्द चुकला तर सुधारता येतो. गप्प झालेलं म्हातारं माणूस पुन्हा बोलतं करणं फार अवघड असतं.