कज्जेदलाल कोण?



आमच्या चाळीत एक तात्या आहेत. वय सत्तरीच्या पुढं. काखेत कापडी पिशवी, पिशवीत सातबारे, फेरफार, कोर्टाच्या नकला. गावाकडची महारवतनाची दोन एकर पाटलाच्या घशात गेली, ती परत मागतायत. १९५८ च्या कायद्यानं वतन खालसा झालं, ठराविक रक्कम भरून घेऊन जमीन वतनदाराच्याच नावे करून दिली, आणि कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती विकायची नाही अशी अट पडली. मग परवानगी कुणी घेतली? कागद दाखवा. तात्यांचं म्हणणं एवढंच. वकिलाला द्यायला पैसे नाहीत, म्हणून स्वतःच उभे राहतात.

मागच्या महिन्यात मी त्यांच्यासंगं गेलो. समोरच्या पार्टीचा वकील व्हरांड्यात हसत हसत म्हणाला, "बाबा, पुरे करा आता. नाहीतर तो एकाहत्तरचा कायदा लावावा लागेल तुम्हाला." तात्यांनी मला विचारलं, "हा कुठला रे कायदा? आत टाकतील का?" मला सांगता येईना. घोषणा सगळ्या पाठ, आणि हे माहीत नाही. लाज वाटली. घरी येऊन कायदा वाचला.

महाराष्ट्रानं १९७१ साली त्रासदायक दाव्यांना आळा घालणारा कायदा केला. मूळ विलायतेतलं, १८९६ चं. आपल्या देशात मद्रासनं १९४९ ला आणला, १९६५ ला सुप्रीम कोर्टानं तो घटनेत बसतो म्हणून सांगितलं. रीत अशी की ॲडव्होकेट जनरलनं हायकोर्टात अर्ज करायचा. माणूस सवयीनं आणि वाजवी कारण नसताना छळायच्या केसेस टाकतो अशी कोर्टाची खात्री पटली, तर त्याचं म्हणणं ऐकून हुकूम निघतो. मग परवानगीशिवाय नवी केस टाकता येत नाही. तुरुंग नाही, पण दारावर पहारेकरी बसतो. पाटलाच्या वकिलाच्या तोंडानं हा कायदा लागत नाही, हे तात्यांना सांगितलं तेव्हा त्या दिवशी ते नीट जेवले.

मी मात्र रात्रभर पिशवी उपसत बसलो. अकरा अर्ज. काही चुकीच्या कोर्टात म्हणून परत. काही मुदतबाह्य. एकाला स्टॅम्प कमी. एकदा तात्या तारखेला पोचलेच नाहीत, २०२१ ला एसटीचा संप होता, केस निकाली. जमीन कुणाची, यावर एकाही हुकमात एक ओळ नाही! आणि उद्या कुणी खरंच अर्ज केला तर हाच अकराचा आकडा पुढं करणार: बघा साहेब, सवयच आहे याला. अहो, न ऐकता अकरा वेळा परत कुणी पाठवलं?

सवय कुणाची मोजली जाते ते बघा. डिसेंबर १९२७ ला महाडच्या सवर्णांनी बाबासाहेबांवर दावा लावला. चवदार तळं म्हणे खाजगी! मनाई हुकूम मिळवला. १९३१ ला खाली हरले, १९३३ ला ठाण्याला अपिलात हरले, तरी हायकोर्टात गेले आणि १९३७ ला तिथंही हरले. घोटभर पाण्यासाठी दहा वर्षं. त्यांना कज्जेदलाल कुणी म्हटलं नाही. आणि २० मार्च २०१८ ला, तारीख बघा, महाडच्या सत्याग्रहाचीच, सुप्रीम कोर्टानं अॅट्रॉसिटी कायद्याचा गैरवापर होतो म्हणत अटकेआधी चौकशी-परवानगीच्या अटी घातल्या. म्हणजे अख्खी जमातच खोट्या केसेस करणारी. २ एप्रिलला भारत बंद झाला, माणसं मेली, संसदेनं कायदा दुरुस्त केला, आणि १ ऑक्टोबर २०१९ ला कोर्टानं त्या अटी स्वतःच मागं घेतल्या.

होय, खरोखर छळणारे असतात. गावात आमच्या माणसानं तक्रार दिली की दुसऱ्या दिवशी उलटी केस पडते, तो छळ आम्ही भोगलाय. म्हणून कायदा जाळा असं मी म्हणत नाही. पण क्रम बघा. कुलूप १९७१ चं. मोफत वकिलाचं तत्त्व घटनेत आलं १९७६ ला, हक्काचा कायदा झाला १९८७ ला. त्या कायद्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्न किती ते न विचारता. तात्यांना हे आजवर कुठल्याही टेबलावर कुणी सांगितलं नाही. उलट २०१५ पासून मुंबई हायकोर्टात स्वतःची केस स्वतः चालवायची तर आधी दोन अधिकाऱ्यांच्या समितीपुढं जा, तुला जमेल असा दाखला आण, सभ्य भाषेचं हमीपत्र लिहून दे. वरच्या कोर्टाची भाषा इंग्रजी. तात्या सातवी.

माझं मागणं साधं आहे. ज्याला वकील दिलाच नाही, त्याच्या केसेस सवय म्हणून मोजू नका. जमिनीवर, अन्यायावर, म्हणजे मूळ मुद्द्यावर ऐकून जी फेटाळली तेवढीच मोजा. आणि परवानगी नाकारायची तर कारण मराठीत लिहून हातात द्या.

लॉ कॉलेजातल्या पोरापोरींनो, येत्या रविवारी चाळीत या. अशा पिशव्या इथं आणखी चार घरांत आहेत. तालुका विधी सेवा समितीला अर्ज करायचाय. सही तात्यांची, अक्षर तुमचं. येताना कोरे कागद आणा.

जयभीम.