विश्लेषण : बिअरमधल्या यीस्टपासून कॅन्सरच्या गोळीपर्यंत, ४० वर्षांचा प्रवास कसा झाला?

‘कॅन्सरवर औषध सापडलं’ ही बातमी दर काही दिवसांनी व्हॉट्सॲपवर फिरते आणि आठवडाभरात विरून जाते. पाल्बोसिक्लिब हे औषध मात्र खरोखर बाजारात आहे आणि स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांना दिलं जातं. त्याचं मूळ कुठल्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये नाही, तर यीस्टवरच्या संशोधनात आहे.

पेशीचक्र म्हणजे काय?

एका पेशीच्या दोन होण्याआधी ती वाढते, डीएनएची नक्कल करते, नक्कल नीट झाली का हे तपासते आणि मगच विभागते. यालाच पेशीचक्र म्हणतात. यात ठरावीक टप्प्यांवर ‘पुढे जा’ किंवा ‘थांब’ असे इशारे मिळतात. ‘थांब’चा इशाराच निकामी झाला, की पेशी वाढतच सुटतात. कॅन्सरमध्ये हेच होतं.

हे शोधलं कुणी?

१९७० च्या दशकात अमेरिकेत लेलँड हार्टवेल यांनी पाव फुगवणाऱ्या यीस्टमधली पेशीचक्राची जनुकं शोधली. त्याच दशकात ब्रिटनमध्ये पॉल नर्स दुसऱ्या जातीच्या यीस्टवर काम करत होते. हे यीस्ट मुळात पूर्व आफ्रिकेतल्या बिअरमधून वेगळं केलेलं. पेशीने कधी विभागायचं हे ठरवणारं एक कळीचं जनुक नर्स यांना त्यात सापडलं. १९८२ मध्ये टिम हंट यांना सी अर्चिन या समुद्री जिवाच्या अंड्यांत ‘सायक्लिन’ हे प्रथिन दिसलं. ते प्रत्येक विभाजनाच्या वेळी नष्ट होतं आणि पुन्हा तयार होतं.

खरा धक्का १९८७ चा. नर्स आणि मेलानी ली यांनी हे जनुक बिघडलेल्या यीस्टमध्ये माणसाचं जनुक टाकलं आणि यीस्ट पुन्हा विभागू लागलं! म्हणजे १०० कोटींहून जास्त वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या या दोन जिवांत विभाजनाची यंत्रणा एकच होती. २००१ मध्ये हार्टवेल, हंट आणि नर्स यांना नोबेल मिळालं.

औषध काय करतं?

याच कुटुंबातली सीडीके-४ आणि सीडीके-६ ही प्रथिनं सायक्लिनच्या साथीने पेशीला डीएनएची नक्कल करायला परवानगी देतात. पाल्बोसिक्लिब त्यांनाच अडवतं. अमेरिकेत त्याला फेब्रुवारी २०१५ मध्ये मंजुरी मिळाली.

मग कॅन्सर बरा होतो का?

नाही. हे औषध हार्मोन-पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह प्रकारच्या, पुढच्या टप्प्यातल्या स्तनाच्या कॅन्सरसाठी आहे आणि हार्मोन थेरपीसोबत दिलं जातं. ‘पालोमा-२’ चाचणीत आजार न वाढता गेलेला काळ साधारण १४.५ महिन्यांवरून २४.८ महिन्यांवर गेला. पण रुग्णांचं एकूण आयुष्य वाढल्याचं त्या चाचणीत सिद्ध झालं नाही. याच गटातल्या रायबोसिक्लिबने मात्र ‘मोनालिसा-२’ चाचणीत एकूण आयुष्य सुमारे वर्षभराने वाढवलं. या औषधांमुळे पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून रक्त वारंवार तपासावं लागतं.

भारतात अडचण कुठे?

किमतीत. रायबोसिक्लिबचा महिन्याचा खर्च ५० हजारांच्या वर जात असल्याने २०२२ मध्ये एका रुग्ण महिलेला केरळ उच्च न्यायालयात जावं लागलं. पेटंट असलं तरी इतर कंपन्यांना हे औषध बनवू द्यावं, अशी तिची मागणी होती. प्रकरण सुरू असतानाच तिचं निधन झालं. पाल्बोसिक्लिबचं भारतातलं पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपलं. त्यानंतर अनेक भारतीय कंपन्यांनी जेनेरिक गोळ्या आणल्या आणि किंमत बरीच खाली आली.

म्हणूनच पुढच्या वेळी अशी बातमी दिसली, तर तीन गोष्टी बघा : प्रयोग पेशींवर झाला, उंदरांवर की माणसांवर? कोणत्या कॅन्सरसाठी? आणि नेमका किती महिन्यांचा फायदा? चौथा प्रश्न सरकारला विचारायचा : ते औषध परवडणार कुणाला?