बिनपाण्याच्या मुताऱ्या बसवा : सोलापुरातील इमारत मालक आणि व्यापाऱ्यांना जाहीर आवाहन

सोलापुरातील व्यापारी संकुलांचे मालक, दुकानदार, मंगल कार्यालये, हॉटेले, दवाखाने, क्लासेस आणि कारखाने चालवणाऱ्या बंधू-भगिनींनो,



विषय चारचौघांत बोलायला संकोच वाटावा असा आहे, म्हणूनच तो वर्षानुवर्षे तसाच पडून राहिला. आपल्या गावातल्या व्यापारी इमारतींमधल्या मुताऱ्यांबद्दल हे आवाहन आहे. नवी पेठ असो, चाटी गल्ली असो, मार्केट यार्ड असो की अक्कलकोट रोडची एमआयडीसी, जिन्याखालची मुतारी शोधायला पाटी लागत नाही. वासच रस्ता दाखवतो. लग्नाचा बस्ता बांधायला खेड्यावरून आलेले कुटुंब तीन-चार तास दुकानात बसते, हजारोंची खरेदी करते आणि लघवीला जायची वेळ आली की दुकानदारालाच ओशाळल्यासारखे होते.

याचे मूळ पाण्यात आहे. सोलापूरच्या नळाला पाणी रोज येत नाही. काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर आपण संसार आणि धंदा दोन्ही चालवायला शिकलो आहोत. टाकीतले पाणी पुरवून वापरायचे म्हटले की पहिला नळ बंद होतो तो मुतारीचा. म्हणजे बिनपाण्याच्या मुताऱ्या सोलापुरात आजही आहेत, गल्लोगल्ली आहेत. फक्त त्या पाणी लागेल अशा बनावटीच्या आहेत आणि त्यांना पाणी मिळत नाही, म्हणून त्या नासल्या आहेत. जिथे पाणी आहे तिथे उलटा प्रकार दिसतो : कॉक खराब झालेला, धार चोवीस तास चालू, आणि खाली टँकरवाल्याचे बिल. या दोन्हींवर एकच उपाय आहे. पाणी लागूच नये अशा बनावटीची मुतारी बसवायची.

पाण्याचा हिशेब

साध्या युरिनलला एका फ्लशला साधारण दोन ते चार लिटर पाणी लागते. मध्यम आकाराच्या संकुलात तीन युरिनल धरा, प्रत्येकाचा दिवसाला ५० वेळा वापर धरा आणि फ्लशला तीन लिटर धरा. रोजचे ४५० लिटर झाले. वर्षाचे ३०० कामाचे दिवस मोजले तर १,३५,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेतेरा टँकर. हे एका इमारतीचे झाले. आपल्या इमारतीचा आकडा आपणच काढावा. कागदावर दोन ओळींचे काम आहे.

हे पाणी येते कुठून, तेही आठवू या. उजनी धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातला ६३ टीएमसीहून अधिक साठा मृत साठ्यात मोडतो. पाणी त्या मृत साठ्यात उतरले की पातळी वजात मोजतात, म्हणून 'उजनी वजा झाली' ही बातमी आपल्याला दर काही वर्षांनी वाचावी लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण वजा ५० टक्क्यांच्याही खाली गेले होते. शंभर किलोमीटरहून लांबून जलवाहिनीने पाणी येते; शिवाय भीमा नदीत सोडलेले पाणी औज बंधाऱ्यापर्यंत पोचवून टाकळीहून उपसावे लागत आले आहे, आणि नदीच्या वाटेत त्यातले किती तरी उन्हाने आटते, जमिनीत मुरते. इतक्या लांबून, इतकी वीज जाळून आणलेले, शुद्ध केलेले पिण्याचे पाणी आपण मुतारीत ओततो. मग तेच सांडपाणी म्हणून पुन्हा उपसायला आणि शुद्ध करायला महापालिकेला वेगळा खर्च येतो.

वास येतो कशाने, थांबतो कशाने

ताज्या लघवीला फारसा वास नसतो. ती साचली, भांड्यावर वा फरशीवर ओली राहिली की जिवाणू तिच्यातल्या युरियाचे विघटन करतात आणि अमोनिया तयार होतो. डोळ्यांत जाणारा तो उग्र दर्प त्याचाच. दुसरा वास पाइपातून वर येतो. साध्या युरिनलखालच्या ट्रॅपमध्ये साचलेले पाणी हा वास अडवते. पाणी आटले की लाइनची हवा थेट वर येते.

बिनपाण्याच्या युरिनलमध्ये हे अडवण्याचे काम पाण्याऐवजी दुसऱ्या युक्तीने होते. एका प्रकारात ट्रॅपमध्ये लघवीपेक्षा हलक्या तेलकट द्रवाचा थर असतो. लघवी त्याखालून निघून जाते, थर वर तरंगत राहतो. दुसऱ्या प्रकारात रबराची किंवा सिलिकॉनची पातळ झडप असते. ती वरून धार आली की उघडते आणि नंतर आपोआप मिटते. तिसऱ्यात गोळ्यासारखा तरंगणारा भाग तोंड बंद करतो. तेलाच्या थराची युक्ती नवी नाही. व्हिएन्ना शहरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच अशा मुताऱ्या होत्या. आपल्याकडे आयआयटी दिल्लीत प्राध्यापक विजयराघवन चारियार यांच्या मार्गदर्शनाखाली यावर काम झाले आणि त्यातून 'झेरोडॉर' नावाचा ट्रॅप बाजारात आला. कुणा एका कंपनीची भलामण हा या आवाहनाचा हेतू नाही. बाजारात अनेक प्रकार आहेत, ते पाहून निवडावेत.

सोलापूरकरांसाठी आणखी एक फायदा आहे. आपल्या बहुतेक बोअरचे पाणी जड आहे. जड पाण्यातले क्षार आणि लघवी एकत्र आली की पाइपात पिवळट, दगडासारखा थर धरतो आणि लाइन चोकअप होते. पाणी थांबले की हा थर कमी धरतो. मात्र तो अजिबात धरत नाही असे कुणी विक्रेता सांगू लागला, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

बसवताना

जुने भांडे फोडायची गरज बहुधा पडत नाही. पुष्कळ ट्रॅप सध्याच्या भांड्याच्या तोंडात बसतात. तरी प्लंबरला हाताशी घेऊन पुढच्या गोष्टी आधी तपासाव्यात :

• पाइप पीव्हीसीचा असावा. पाणी न मिसळलेली घट्ट लघवी धातू खाते. शिकागोच्या सिटी हॉलमध्ये बसवलेली बिनपाण्याची युरिनल काढावी लागली, कारण तिथल्या तांब्याच्या पाइपांना ती सोसली नाहीत.

• लाइनला चांगला उतार हवा. दर फुटाला पाव इंच तरी. सपाट लाइनमध्ये लघवी साचते आणि सगळा खटाटोप फुकट जातो.

• जमले तर हात धुण्याच्या बेसिनचे सांडपाणी त्याच लाइनला वरच्या बाजूने जोडावे. लाइन रोज आपोआप धुतली जाते.

• ट्रॅप बसवण्याआधी जुनी लाइन एकदा पूर्ण साफ करून घ्यावी. भांड्याचा पाण्याचा पाइप बंद करून नीट बूच मारावे, नुसता कॉक फिरवून सोडू नये.

• विक्रेत्याकडून नुसती बसवण्याची किंमत घेऊ नका. तीन वर्षांत बदलायचे भाग, तेल किंवा कार्ट्रिज धरून एकूण खर्च लेखी मागा.

• सगळी भांडी एकदम बदलू नका. आधी एक बदला, महिनाभर वापरून पाहा, मग पुढचे ठरवा.

लघवीनंतर पाणी घेण्याची ज्यांची सवय किंवा धार्मिक रीत आहे, त्यांच्यासाठी आत एका कोपऱ्यात वेगळा नळ ठेवावा. हात धुण्याचे बेसिन आणि साबण तर हवेच. वाचलेल्या पाण्यातले थोडे तिथे वापरायचे आहे.

निगा

बिनपाण्याची मुतारी म्हणजे बिनसफाईची मुतारी नव्हे. ही व्यवस्था जिथे फसते तिथे बहुतेक वेळा निगा न राखल्याने फसते. भांडे रोज सौम्य क्लीनर लावलेल्या ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे. तेलाच्या प्रकारात वरून बादलीभर पाणी ओतले की थर वाहून जातो आणि दुसऱ्या दिवसापासून वास सुरू होतो. अॅसिड वापरू नये. रबर आणि पाइप दोन्ही खराब होतात. ब्लीचिंग पावडर तर कधीच ओतू नये, कारण लघवीतल्या अमोनियाशी मिसळून तिचा विषारी वायू होतो. उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत ट्रॅप काढून धुवावा, झिजलेला भाग बदलावा आणि त्या तारखा भिंतीवर लिहून ठेवाव्यात.

हे सगळे ज्याच्या हातात आहे त्या सफाई कामगाराला कुणीच विचारत नाही. बसवायच्या दिवशी त्याला समोर उभे करा, विक्रेत्याकडून ट्रॅप काढून-घालून दाखवायला लावा, हातमोजे द्या, आणि या कामाचे वाढीव पैसे द्या. साडेतेरा टँकरच्या बचतीतून तेवढे सहज निघतात.

गिऱ्हाइकांनाही एक विनंती. गुटखा, मावा, पान, विडीचे थोटूक, चहाचा उरलेला घोट यातले काहीही भांड्यात टाकू नका. सुपारीचा चोथा अडकला की कितीही महागडी झडप मिटत नाही. मालकांनी 'थुंकू नका' एवढीच पाटी लावून थांबू नये. बाहेर झाकणाची पिकदाणी ठेवावी आणि ती रोज रिकामी करावी.

कुठे बसवू नये

जिथे साफसफाईला माणूस नाही, लाइन गळकी आहे, किंवा एकच मुतारी अख्ख्या रस्त्याची गर्दी सोसते, तिथे आधी त्या अडचणी सोडवाव्यात. घाईने बसवून महिन्यात नासलेले एक युरिनल शेजारच्या दहा दुकानदारांचे मन कायमचे मोडते.

वाचलेले पाणी कुणाला

युरिनल पुरुषांची. पण पाणी नाही म्हणून कुलूप लागते ते बायकांच्या स्वच्छतागृहाला. साडीच्या दुकानातली विक्रेती, दवाखान्यातली आया, क्लासला येणारी मुलगी दिवसभर पाणी कमी पिऊन वेळ मारून नेते आणि मूत्रमार्गाच्या आजाराला तोंड देते. म्हणून या आवाहनातली ही अट महत्त्वाची आहे : पुरुषांच्या बाजूला वाचलेले पाणी आधी बायकांच्या बाजूच्या टाकीत जावे आणि ते कुलूप उघडावे.

आता काय करायचे

दुकानदार संघटनांनी पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि आपल्या पेठेतले एक संकुल नमुन्यासाठी निवडावे. दिवाळीच्या रंगरंगोटीला प्लंबर बोलावलाच जातो, त्याच खेपेत पहिले भांडे बदलावे. चिंचोळी आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखानदारांनी कामगारांच्या मुताऱ्यांपासून सुरुवात करावी, कारण तिथे वापर सर्वांत जास्त आणि बचतही तिथेच. बांधकाम व्यावसायिकांनी नव्या इमारतीच्या नकाशातच पीव्हीसी लाइन आणि उतार धरावा. नंतर फोडाफोड करण्यापेक्षा ते स्वस्त पडते. महापालिकेने आपल्या कार्यालयांत आणि गड्डा यात्रेतल्या तात्पुरत्या मुताऱ्यांत हा प्रयोग करून लोकांना दाखवावा.

बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी या गावासाठी तलाव खोदवला. पाणी साठवणे हे पुण्यकर्म मानणारे हे गाव आहे. ते वाचवणेही त्याच तोलाचे काम आहे आणि त्यासाठी कुणाच्या योजनेची वा अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. या आठवड्यात आपल्या इमारतीच्या मुतारीत एकदा जाऊन या, कॉक तपासा, वर्षाचे पाणी मोजा आणि एक भांडे बदलायला सांगा.

आपला,
एक सोलापूरकर